उबुंटू (लिनक्स) २०.०४ चं २२.०४ करताना मध्येच लाईट गेली, आता कर्नल पॅनिक. फॉरमॅटशिवाय काही होईल का?

सुगरण_पक्षी
नमस्कार मंडळी. लॅपटॉप जुना आहे, दुसऱ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, साधी फिरणारी हार्डडिस्क. मुलाने पुण्याला जाताना उबुंटू २०.०४ टाकून दिलं होतं आणि आजवर काही कुरकुर नव्हती. २०२५ च्या मे मध्येच त्याचा सपोर्ट संपला म्हणून तो मागे लागला होता, म्हणून काल दुपारी अपग्रेडला लावला. डाउनलोड झालं, मग फायरफॉक्सपाशी इतका वेळ अडकून बसलं की मला वाटलं हँगच झालं, मग एकदाचं पुढे सरकलं आणि 'सेटिंग अप' असं काहीबाही येत असताना लाईट गेली. बॅटरी केव्हाच मेलीये, चार्जरवरच चालतो, त्यामुळे जागच्या जागी बंद. आता चालू केला की काळ्या स्क्रीनवर भराभर ओळी येतात आणि शेवटी हे: कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०). कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकत राहतो.
गावातला दुरुस्तीवाला म्हणतो फॉरमॅट मारावं लागेल. आमच्या बचत गटाच्या कर्जवाटपाचा सगळा हिशोब त्यात आहे कॅल्कमध्ये (लिब्रेऑफिसचं एक्सेलसारखं), मंगळवारी मीटिंग आहे.

कोल्हापुरी_पेंग्विन
ताई घाबरू नका, ही एरर दिसायला भयंकर आहे पण बहुतेक वेळा अर्थ एवढाच की नवीन कर्नल (सिस्टीमचा गाभा) बसला आणि त्याच्या जोडीची इनिटरामएफएस फाईल बनायच्या आत वीज गेली. ती नसली की कर्नलला डिस्कच ओळखता येत नाही. चालू करताना शिफ्ट दाबून धरा (शिफ्टने नाही आलं तर एस्केप), ग्रबचा (सुरू करताना काय चालू करायचं ते निवडायचा) मेनू येईल, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथे जुना कर्नल दिसेल, म्हणजे लहान नंबरवाला. त्याने सुरू करून बघा.

टर्मिनल_तात्या
निदान बरोबर पण पेंग्विनभाऊ, क्रम चुकतोय. अर्धवट अपग्रेड झालेली सिस्टीम, जुनी डिस्क आणि त्यावर एकुलता एक हिशोब, अशात आधी काहीही दुरुस्त करायला जाऊ नये, आधी फाईली बाहेर काढायच्या. ताई, ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, कोणाच्या तरी विंडोज लॅपटॉपवर रूफस (पेनड्राइव्हवरून बूट होईल असं करणारं सॉफ्टवेअर) वापरून त्यात २२.०४ ची आयएसओ (इन्स्टॉलची फाईल) टाका, त्यावरून बूट करून 'ट्राय उबुंटू' निवडा. 'इन्स्टॉल' नाही!! मग फाईल्समध्ये तुमची डिस्क डावीकडे दिसेल, त्यात होम, त्यात तुमच्या नावाचा फोल्डर. तो दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी करा आणि कॅल्कची फाईल तिथल्या तिथे उघडून बघा, नुसती कॉपी झाली म्हणून समाधान मानू नका.
आणि दुरुस्तीवाल्याच्या हातात एवढ्यात देऊ नका. फॉरमॅट हे त्यांचं सगळ्या रोगांवरचं औषध.

बिनधास्त७७
कशाला हे उपद्व्याप, सरळ विंडोज टाका की राव, घरच्यांना तेच जमतं

टर्मिनल_तात्या
कोणतं? १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. दुसऱ्या पिढीच्या आय३ वर जुगाड करून बसवता येईलही, पण ४ जीबी रॅमवर ते चालवणार कोण.

सुगरण_पक्षी
भाच्याने पेनड्राइव्ह करून दिला. हिशोबाची फाईल मिळाली, उघडलीसुद्धा, जीव भांड्यात पडला. फोटोंच्या फोल्डरला मात्र कॉपी मध्येच थांबते आणि 'इनपुट/आउटपुट एरर' येतं. आता तो जुना कर्नल बघू का?

कोल्हापुरी_पेंग्विन
बघा. डेस्कटॉप नाही आला तर त्याच कर्नलच्या रिकव्हरी मोडमध्ये जाऊन रूट (सगळे अधिकार असलेलं टर्मिनल) घ्या. डिस्क तिथे रीड-ओन्ली असते म्हणून आधी माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू / आणि मग डीपीकेजी --कॉन्फिगर -ए (टाईप अर्थातच इंग्रजीत). अर्धवट राहिलेली पॅकेजेस तो एकेक करून पुरी करेल. फिरत्या डिस्कवर याला खूप वेळ लागतो, स्क्रीन थांबल्यासारखी वाटली तरी हार्डडिस्कचा दिवा लुकलुकतोय ना बघा आणि हात लावू नका. तुमचं फायरफॉक्सपाशी अडकलं ते पण तसंच, २२.०४ मध्ये तो स्नॅप (वेगळ्या प्रकारचं पॅकेज) झालाय, मधेच सगळा नेटवरून उतरवतो, मोबाईलच्या नेटवर रडत बसतो. शेवटी अपडेट-इनिटरामएफएस -यू -के ऑल आणि अपडेट-ग्रब, म्हणजे ती राहिलेली फाईल आणि ग्रबचा मेनू नव्याने बनेल. आणि हो, या वेळी इन्व्हर्टरवर लावा.

टर्मिनल_तात्या
थांबा थांबा, ती इनपुट/आउटपुट एरर सोडून कुठे चाललात सगळे. लाइव्ह पेनड्राइव्हवरच 'डिस्क्स' नावाचं अ‍ॅप आहे, त्यात डिस्क निवडून मेनूत 'स्मार्ट डेटा' (डिस्कच्या तब्येतीचा अहवाल) उघडा. 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर काउंट' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' समोर काय आकडे आहेत?

सुगरण_पक्षी
पहिल्यापुढे ११२, दुसऱ्यापुढे २४.

टर्मिनल_तात्या
मग दुरुस्ती राहू द्या. पहिला आकडा म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा, पेंडिंग म्हणजे जिथलं वाचता येत नाहीये अशा जागा, तुमचे फोटो तिथेच अडकलेत. त्या डिस्कवर डीपीकेजी चालवणं म्हणजे तिच्यावर आणखी लिहिणं, त्याने वाचण्याजोगं उरलेलंही जाऊ शकतं. आधी बाकीचे फोटो थोडे थोडे करून काढा, अडलेली फाईल सोडून पुढे जा. मग २५६ जीबीची २.५ इंची साटा एसएसडी (न फिरणारी, चिपवरची डिस्क) घ्या, या वयाच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये खालचं झाकण उघडून बसते, त्यावर कोरं २२.०४ टाका नाहीतर मिंटचं (उबुंटूसारखंच दुसरं लिनक्स) एक्सएफसीई, ४ जीबीला ते हलकं पडेल. जुनी डिस्क पुसू नका, फोटोंसाठी ठेवून द्या. मंगळवारची मीटिंग भाच्याच्या लॅपटॉपवर निभावेल, लिब्रेऑफिस विंडोजवरही फुकट मिळतं.

कोल्हापुरी_पेंग्विन
हे पटलं, माझं वरचं सगळं आता सोडून द्या. ताई, झाकण उघडायच्या आधी मॉडेल नंबर टाका इथे, काही पातळ मॉडेल्समध्ये ७ मिमी जाडीचीच बसते.