हात आधी पडतो, स्वर नंतर येतो : पडद्यावरच्या सिम्फनी मैफलींविषयी एक प्रश्न

खाडीकाठ (गुहागर तालुका)

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयाच्या सभागृहात गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून, महिन्यातल्या एका रविवारी, आम्ही पाश्चात्त्य वाद्यवृंदांच्या ध्वनिचित्रित मैफली मोठ्या पडद्यावर दाखवतो. भातलावणी आटोपल्यावर लोकांना जरा उसंत असते, त्यामुळे पंचवीस-तीस माणसे जमतात, आणि त्यांतली निम्मीअधिक भजनी मंडळातली असल्यामुळे त्यांचे कान लयीला अतिशय तयार आहेत. सुरुवात झुबिन मेहता यांनी संचालन केलेल्या (संचालक म्हणजे वाद्यवृंदासमोर उभा राहून हाताने लय दाखवणारा, कंडक्टर) २०१५ सालच्या व्हिएन्नातील नववर्ष मैफलीने केली. १९३६ साली मुंबईत जन्मलेला माणूस व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदासमोर उभा आहे, एवढ्यानेच लोकांना ती मैफल आपलीशी वाटेल असा माझा विचार होता, आणि तसे झालेही.

परंतु आमच्या मंडळातल्या ज्येष्ठ पखवाजवादकांनी त्या दिवशी जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर मला आजवर देता आलेले नाही. ते म्हणाले, "ह्यांचा हात खाली येऊन जातो आणि मग वाद्ये वाजतात. आमच्याकडे बुवांचा हात आणि माझी थाप समेवर एकत्र पडली नाही, तर लोक आम्हाला उठवतील." त्यानंतर मी स्वतः बारकाईने पाहू लागलो, तर हे अंतर खरोखरच दिसते. संचालक हर्बर्ट फॉन कारायान यांच्या, बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबरच्या मैफलींच्या जुन्या चित्रपटांत मात्र ते कधी जाणवते, कधी अजिबात जाणवत नाही. हा दोष चित्रणात आहे, आमच्या यंत्रात आहे, की आमच्या पाहण्यात? आणि संचालक नेमके काय करतो हे ज्यांतून स्पष्ट दिसेल, अशा कोणत्या मैफली पुढे दाखवाव्यात?

दशावतारी ध्वनिवाला (मालवण)

आपण ध्वनिक्षेपक प्रोजेक्टरला वायरने जोडता की ब्लूटूथने, हे आधी सांगावे. ब्लूटूथवर आवाज साधारणपणे सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग उशिरा पोहोचतो, आणि जलद लयीत एवढा उशीर पखवाजाच्या कानाला सहज कळतो. एक सोपी कसोटी सांगतो. संचालकाकडे न पाहता टिंपनी, म्हणजे मागच्या रांगेतली ती तांब्याची नगाऱ्यासारखी वाद्ये, वाजवणाऱ्याकडे पाहावे. त्याची काठी कातड्यावर पडते त्याच क्षणी आवाज आला, तर आपले यंत्र बरोबर आहे. काठी पडून आवाज मागाहून आला, तर चूक यंत्राची आहे आणि मेहता साहेबांचा त्यात काहीही संबंध नाही. व्हायोलिनवादक गज बाजूला ठेवून बोटाने तारा छेडतात, तिथेही हीच परीक्षा घेता येते.

मूळची दापोलीची

वरची सूचना अगदी योग्य आहे, आणि ती आधी करूनच पाहावी. परंतु यंत्र सुधारल्यावरही अंतर उरणार आहे, आणि जे उरेल ते खरे असेल, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. मी मुंबईत शिकत असताना काही वर्षे एका हौशी वाद्यवृंदात दुसऱ्या व्हायोलिनच्या शेवटच्या बाकावर बसत असे, त्यामुळे हे मी पडद्यावर नव्हे, तर संचालकाच्या छडीसमोर बसून अनुभवलेले आहे.

बुवा स्वतः गातात. त्यांच्या गळ्यातून लय आधीच ऐकू येत असते आणि पखवाज तिला भेटतो. संचालकाला आवाजच नाही. त्यामुळे पुढच्या क्षणी काय व्हायचे आहे, ते त्याला आधीच दाखवावे लागते. ठोका पडण्यापूर्वी हात जो वर उचलला जातो, त्या उचलण्यातच पुढची लय, जोर आणि स्वराचा पोत हे सगळे सांगितलेले असते. वादक ते पाहतो, श्वास घेतो किंवा गज तारेवर ठेवतो, शेजारच्यांना ऐकतो, आणि मग स्वर येतो. मोठ्या वाद्यवृंदात, विशेषतः व्हिएन्ना आणि बर्लिनच्या परंपरेत, सर्वांनी मिळून ठोक्याच्या किंचित मागे वाजवण्याची सवयच आहे. ते एकमेकांचे कान धरून एकत्र येतात, आणि म्हणून तो स्वर टोचत नाही, भरून येतो.

आपल्या पखवाजवादकांना बेथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीची सुरुवात दाखवावी, अशी माझी विनंती आहे. जगभर ओळखीचे असलेले ते चार स्वर मात्रेवर सुरू होतच नाहीत. पहिल्या मात्रेचा पहिला अर्धा भाग रिकामा आहे, त्या शांततेनंतर तीन ऱ्हस्व स्वर येतात आणि चौथ्यावर अनिश्चित काळ थांबायचे असते. संचालकाचा ठोका त्या शांततेवर पडतो. थाप न मारता नुसती जागा दाखवून पुढचा बोल उठवणे म्हणजे काय, हे पखवाज वाजवणाऱ्याला जितके कळेल तितके इतर कोणाला कळणार नाही. याच सिम्फनीत तीन ट्रॉम्बोनवादक (ट्रॉम्बोन हे फुंकून वाजवायचे पितळी वाद्य) पहिले तीन भाग गप्प बसून असतात आणि चौथ्या भागाच्या आरंभी प्रथमच वाजवतात. त्यांच्याकडे संचालक कधी पाहतो, तेही शोधावे. माझा तर तो दरवेळी आवडता क्षण असतो.

खाडीकाठ (गुहागर तालुका)

दोघांचेही मनापासून आभार. आमचा ध्वनिक्षेपक ब्लूटूथनेच जोडलेला होता. काल वायर आणून पुन्हा तीच मैफल लावली. टिंपनीची काठी आणि आवाज आता तंतोतंत जुळतात, आणि तरीही मेहता यांचा हात थोडा आधीच पडतो. पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी, पण पडतो. पखवाजवादक काकांनी ते दोनदा पाहिले आणि "म्हणजे हा पुढच्या आवर्तनातला माणूस आहे" असे म्हणाले. कारायान यांच्या चित्रपटांचे कोडे मात्र अजून सुटलेले नाही.

अलिबागकर

ते कोडे चित्रणाच्या पद्धतीत आहे. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून कारायान यांनी मैफलींचे चित्रपट करण्यास सुरुवात केली, त्यांपैकी पहिले काही फ्रेंच दिग्दर्शक आंरी-जॉर्ज क्लूझो यांनी केले होते. पुढे अनेक चित्रपटांत ध्वनिमुद्रण आधी आणि चित्रीकरण नंतर, अशी रीत होती. म्हणजे वादक आणि स्वतः कारायान, आधीच तयार असलेल्या स्वरावर हालचाल करत होते. स्वर ठाऊक असेल तर हात त्याच्याबरोबर पडू शकतो. जो अजून जन्मायचा आहे, त्याच्या मात्र पुढेच राहावे लागते. आपल्याला कधी अंतर दिसते आणि कधी दिसत नाही, याचे कारण मला हेच वाटते. त्या चित्रपटांचे सौंदर्य मला मान्य आहे, एका रेषेत चमकणारे गज आणि मिटलेल्या डोळ्यांचे कारायान विसरता येत नाहीत, परंतु संचालकाचे काम शिकण्यासाठी ते दाखवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. डोळे मिटलेला संचालक हा अपवाद आहे. पुष्कळसे काम डोळ्यांनीच होते.

याचा सर्वांत उत्तम पुरावा म्हणजे संचालक लेनर्ड बर्नस्टाइन आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक यांचे, हायडनच्या ८८व्या सिम्फनीच्या शेवटच्या भागाचे चित्रण. तो भाग पुन्हा वाजवताना बर्नस्टाइन हात खाली सोडून उभे राहतात आणि भुवया, डोळे, ओठ व खांदे यांच्या हालचालींनीच सारे चालवतात. सभागृहात बसलेल्या श्रोत्याला या वेळी त्यांची फक्त पाठ दिसते. चेहरा कॅमेऱ्यालाच दिसतो, आणि ध्वनिचित्रित मैफलीचे खरे देणे मला तेच वाटते. अर्थात, हे एवढ्यावर भागते ते आधी तालमी झालेल्या असतात म्हणून, हेही आपल्या मंडळींना सांगावे.

तालीमच पाहायची असेल, तर संचालक कार्लोस क्लायबर यांची १९७० सालची, स्टुटगार्टमधली तालीम चित्रित झालेली आहे. तिच्यानंतर त्यांची अॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखबाउ वाद्यवृंदाबरोबरची १९८३ सालची बेथोव्हेनची चौथी आणि सातवी सिम्फनी लावावी. तालमीत ज्या माणसाने एकेका वाक्यासाठी वादकांना थांबवले, तो मैफलीत मधूनच ठोके देणे थांबवून नुसता ऐकत उभा राहतो.

एक गोष्ट सुचवतो. चांगल्या चित्रणात दिग्दर्शकाच्या शेजारी स्वरलिपी वाचणारा माणूस बसलेला असतो आणि कोणते वाद्य कधी येणार, हे तो कॅमेऱ्यांना आधीच सांगत असतो. त्यामुळे पडद्यावर ओबो, म्हणजे सनईच्या जातीचे वाद्य, दिसू लागला की एक-दोन क्षणांत ओबो वाजतो. म्हणजे तिथेही कोणीतरी स्वराच्या पुढे चालत असतो.

मूळची दापोलीची

अलिबागकरांशी एका बाबतीत मी सहमत नाही. संचालकाचा चेहरा फार वेळ दाखवला की वादक झाकले जातात. बर्लिन फिलहार्मोनिकने २००८च्या अखेरीस सुरू केलेल्या डिजिटल कॉन्सर्ट हॉलमध्ये, म्हणजे इंटरनेटवर मैफली दाखवण्याच्या त्यांच्या सेवेत, दुरून चालवले जाणारे कॅमेरे आहेत आणि ते वादकांवर पुरेसा वेळ थांबतात. वर्गणी भरावी लागते आणि आपल्याकडच्या नेटवर्कचा भरवसा धरता येत नाही, तरी चांगल्या जोडणीवर एखादी मैफल अवश्य पाहावी.

खाडीकाठ (गुहागर तालुका)

येत्या रविवारी हायडनचा तो भाग दोनदा लावायचे ठरवले आहे. पहिल्यांदा सर्वांनी फक्त बर्नस्टाइन यांच्याकडे पाहायचे आणि दुसऱ्यांदा फक्त वादकांकडे. त्यानंतर नववर्ष मैफलीतला शेवटचा राडेट्स्की मार्च पुन्हा दाखवणार आहे, कारण तिथे संचालक श्रोत्यांकडे वळून टाळ्या चालवतात, कधी हलक्या, कधी मोठ्या. काकांनी आधीच सांगून ठेवले आहे की त्या वेळी सभागृहातल्या टाळ्या तेच धरतील आणि बाकीच्यांनी पडद्याकडे पाहावे.