तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि कायदा एकत्र शिकायचंय. थेट पाच वर्षांचा कोर्स की आधी बी.ए.?

कराडची मुक्ता

नमस्कार. यंदा बारावी झाले. कला शाखा, मराठी माध्यम. अकरावीत तर्कशास्त्र घेतलं ते वेळापत्रकात बसत होतं म्हणून, पण सत्यता कोष्टकं सोडवायला बसले की आईला जेवायला दोनदा हाक मारावी लागायची. राज्यशास्त्र पहिल्यापासून आवडतं. वकील व्हायचंय हेही नक्की. तिन्हीतलं एकही सोडवत नाही.

बाबा एसटीत वाहक आहेत. त्यांचं म्हणणं, बारावीनंतरचा पाच वर्षांचा बी.ए. एलएल.बी. कर, सनद (वकिलीचा परवाना) हातात येईल. तर्कशास्त्राच्या मॅडम म्हणतात, आधी पुण्याला तत्त्वज्ञानात बी.ए. कर, मग तीन वर्षांचं लॉ. मावसभावाने इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाची माहिती दाखवली, तिथे या तिन्ही विषयांची मिळून एकच पदवी आहे. आपल्याकडे असं शिकता येतं का? की मी तीन वेगळ्या गोष्टींची उगाच मोट बांधतेय? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा.

वकीलकाका, सातारा

मुक्ता, मी व्यवहाराचं तेवढं सांगतो. बारावीनंतर थेट गेलीस तर पाच वर्षं, बी.ए. करून गेलीस तर तीन आणि तीन सहा. सनद दोन्हीकडून तीच, नंतरची बार काउन्सिलची (वकिलांच्या नियामक संस्थेची) परीक्षाही तीच. राज्याच्या सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा वेगळी द्यावी लागते, तिथे प्रत्येक चुकीला पाव गुण जातो आणि पुढे फीही बरीच जास्त आहे.

वडिलांना एक नक्की सांग: कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींची फी माफ करणारा २०२४ चा शासन निर्णय आहे. आपला प्रवर्ग त्यात बसतो का, कुठलं कॉलेज बसतं, हे कॅप राऊंडचा (केंद्रीय प्रवेश फेरीचा) फॉर्म भरायच्या आधी विचारून घ्या. प्रवेश घेतल्यावर धावपळ नको.

कुंडलिकाकाठी

मुक्ता, ही मोट उगाच नाही. हे तिन्ही विषय एकाच प्रश्नातून कसे निघतात ते मी सांगतो, कारण माझ्या घरातच तसं झालं.

माझं आजोळ रायगड जिल्ह्यात. मी नववीत असताना गावकीने मामाचं घर वाळीत टाकलं. मामाने देवळाच्या वर्गणीचा हिशोब मागितला होता, एवढंच. त्या शिमग्याला पालखी घरोघरी थांबली आणि मामाच्या दारावरून सरळ पुढे गेली. मामी नारळ-तांदळाचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती. ढोलांचा आवाज पार खालच्या आळीत पोचेपर्यंत ती आत आली नाही. पुढच्या आठवड्यात गिरणीवरून दळणाचा डबा तसाच परत आला, ज्वारी न दळता. कुणी हात उचलला नाही, कुणी शिवी दिली नाही. मला कळेना, यात गुन्हा नक्की कुठला? पालखी कुठे थांबवायची ते गावाने नाही ठरवायचं तर कुणी ठरवायचं?

पुढे पुण्यात पाच वर्षांच्या कोर्सला गेलो. संविधानाच्या तासाला सर्वोच्च न्यायालयाचा १९६२ चा निकाल निघाला. जातीतून किंवा पंथातून बहिष्कृत करायला बंदी घालणारा कायदा तेव्हाच्या मुंबई प्रांताने १९४९ मध्ये केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो रद्द केला. धार्मिक कारणावरून एखाद्याला समाजाबाहेर काढणं हा संप्रदायाच्या धार्मिक कारभाराचा भाग आहे, त्याला अनुच्छेद २६ चं संरक्षण आहे, असं बहुमत म्हणालं. विरोधातलं एक मत खुद्द सरन्यायाधीश सिन्हांचं होतं. बहिष्कृत माणसाची अवस्था अस्पृश्यासारखी होते, असं त्यांचं म्हणणं. ते वाचताना मला मामीच्या हातातलं ताट दिसत होतं.

हा झाला कायदा. पण बहुमतवाले चुकले असं मला ठामपणे म्हणता येईना. समूहाला आपले नियम ठरवायचं स्वातंत्र्य नसेल तर धर्मस्वातंत्र्याला अर्थ काय? आणि असेल, तर त्या समूहात जन्मलेल्या एकट्या माणसाने जायचं कुठे? या प्रश्नाचं उत्तर कलमात नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्येच लिहून ठेवलंय की समाजाचा जुलूम सरकारी जुलमापेक्षा माणसाच्या जगण्यात खोलवर शिरतो. मला ते वाक्य वर्गात नाही, ग्रंथालयात सापडलं. तीन वेळा वाचलं आणि वही मिटून बाहेर जाऊन बसलो.

मी चौथ्या वर्षाला असताना, २०१६ मध्ये, आपल्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला, २०१७ ला तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मग पुढचा प्रश्न आला: १९६२ ते २०१६, चोपन्न वर्षं का लागली? गावकीला दुखवून मतं कोण मागणार, कार्यकर्त्यांनी तक्रारी किती वर्षं लावून धरल्या, हे राज्यशास्त्र. आता सांग, यातला कुठला विषय काढून टाकशील?

पण तुझ्या मॅडमचं म्हणणं हलक्यात घेऊ नकोस. पाच वर्षांच्या कोर्सात राज्यशास्त्र भरपूर मिळतं, जोडीला समाजशास्त्र, अर्थशास्त्र. तत्त्वज्ञान मात्र आमच्याकडे ज्युरिस्प्रुडन्सच्या (कायद्यामागच्या तत्त्वविचाराच्या) पेपरापुरतं उरलं होतं आणि बहुतेक जण तो परीक्षेच्या आदल्या रात्री गाईडवर काढायचे. मला वाईट वाटायचं, कारण सगळा कायदा ज्यावर उभा आहे तोच विषय आम्ही घाईत उरकत होतो. मला पुन्हा निवडायचं असतं तर मी आधी तत्त्वज्ञानात बी.ए. केलं असतं. एक वर्ष जास्त गेलं असतं, जाऊ द्या.

घरच्या परिस्थितीमुळे पाच वर्षांचा कोर्स घ्यावा लागला तरी बिघडत नाही. फक्त कॉलेजांचा पसंतीक्रम भरण्याआधी तिथे जा आणि ज्युरिस्प्रुडन्सच्या एखाद्या तासाला परवानगी काढून मागच्या बाकावर बस. मुलं प्रश्न विचारतायत की नुसतं उतरवून घेतायत ते बघ. इमारत आणि मूट कोर्टच्या (सरावाच्या खटल्यांच्या स्पर्धांच्या) ट्रॉफ्या नंतर बघ.

कॉव्हेंट्रीहून

मुक्ताच्या मावसभावाने दाखवला तसा कोर्स मी इथल्या वॉरिक विद्यापीठात शिकतेय. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर (तिथला एक प्रकारचा वकील) व्हायला कायद्याचीच पदवी हवी असं नाही. २०२१ पासूनच्या पद्धतीत पात्रता परीक्षा आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. त्यामुळे इथे विषय मिसळायला मोकळीक आहे. भारतात तसं नाही. पदवीच्या नावात कायदा आहे म्हणून सनद मिळत नाही. परदेशी पदवीला बार काउन्सिलची मान्यता लागते, वर वेगळी परीक्षा. मुक्ताला भारतात वकिली करायची असेल तर मी हा रस्ता सुचवणार नाही, मला इथे कितीही आवडत असलं तरी.

कराडची मुक्ता

काका, ताई, दादा, मनापासून आभार. दादा, तुमचं लिहिलेलं काल रात्री बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले आपल्या भावकीतही असं एक घर होतं. बी.ए. आधी करायला ते तयार आहेत. आता एकच भीती आहे, इंग्रजी. असा निकाल मला वाचता येईल का?

कुंडलिकाकाठी

येईल. मीही मराठी माध्यमाचा. पहिल्या निकालाची चार पानं वाचायला मला अख्खा रविवार लागला होता. शब्दकोश जवळ ठेव, समासात मराठीत लिहीत जा: कोण काय म्हणालं, कशाच्या आधारावर. तुझं तर्कशास्त्र तिथेच कामाला येईल, आधारविधान कुठलं आणि निष्कर्ष कुठला हे तू आमच्यापेक्षा लवकर ओळखशील. १९६२ च्या निकालाचा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवलाय, म्हणजे हा जुना झालेला विषय नाही. बहुमत नंतर वाच. आधी सिन्हांचं मत काढ, आणि अडलीस तर इथेच विचार.