जुन्या डीएल३८० जी५ मध्ये दुसरा सीपीयू टाकायचाय, नंबर तोच पण स्टेपिंग (त्याच चिपची आवृत्ती) वेगळं. चालेल का?

मिरजेचा_तंबोरा:
नमस्कार मंडळी. ऑफिसात एक म्हातारा एचपी प्रोलायंट डीएल३८० जी५ सर्व्हर आहे, त्यात झिऑन ई५४२० एकच बसवलेला, दुसरं सॉकेट पहिल्यापासून रिकामं. डेबियन लिनक्सवर तीन व्हीएम (आभासी मशीन) चालतात आणि महिनाअखेरीला रिपोर्ट काढायला घेतले की चारही कोअर शंभर टक्क्यांना टेकतात. जुन्या मालाच्या दुकानात अजून एक ई५४२० मिळतोय, पण फोटो मागवला तर त्यावर एसएलबीबीएल असा इंटेलचा कोड लिहिलाय, आणि आमच्यावर (हीटसिंक काढून बघितलं) एसएलएएनव्ही. दुकानदार म्हणतो दोन्ही सेमच, डोळे झाकून टाका. उद्या मशीन उठलं नाही तर साहेब दुकानदाराला नाही, मलाच धरणार. काय करू?

रॅकवाला:
दुकानदार अर्धं खरं बोलतोय. दोन्ही २.५ गिगाहर्ट्झ, १२ एमबी कॅश, १३३३ ची बस, ८० वॅट, इथपर्यंत सेमच. पण तुझा सी-झिरो स्टेपिंगचा आहे आणि तो नवीनवाला ई-झिरो. इंटेल असं मिक्स चालवू देतं, त्यांच्या स्पेसिफिकेशन अपडेटमध्येच लिहिलंय, फक्त फ्रिक्वेन्सी, बस, फॅमिली आणि मॉडेल जुळायला पाहिजे आणि ज्याच्यात फीचर्स कमी तो बूट सीपीयू (मशीन सुरू होताना पहिला उठणारा) पाहिजे. ही शेवटची अट लोक वाचतच नाहीत.
कारण असं, ई-झिरोमध्ये एक्ससेव्ह नावाच्या इन्स्ट्रक्शन्स आल्या, सी-झिरोमध्ये त्या नाहीत. आता ई-झिरोवरून बूट झालं तर कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) वाटणार एक्ससेव्ह आहे, चला सगळीकडे चालू करू, आणि दुसऱ्या सीपीयूवर गेल्यावर तिथे ते नसतंच, मग तिथेच अडकू शकतं. उलटं असलं तर ई-झिरो गप गुमान जुन्याच्या बरोबरीने काम करतो.

मिरजेचा_तंबोरा:
अरे बापरे, मी तर नवीन आलेला एक नंबरला आणि जुना दोनला टाकणार होतो, नवीन म्हणजे चांगला म्हणून 😅

रॅकवाला:
नको नको. जुना आहे तिथेच राहू दे, हात लावू नकोस. आणि सीपीयू घालायच्या आधी बायोस अपडेट कर, नंतर नाही. ई-झिरोचा मायक्रोकोड (सीपीयूच्या आतला कोड) वेगळा असतो, जुन्या बायोसला तो माहीत नसला तर पोस्टलाच (मशीन चालू होतानाच्या तपासणीलाच) कुरकुर. डेबियनवर इंटेल-मायक्रोकोड पॅकेज पण टाकून ठेव.
बाय द वे दुकानदाराने एल५४२० दाखवला तर घेऊ नकोस, तो ५० वॅटवाला, वेगळा आहे.

निवृत्त_सिसॲडमिन:
विंडोज २००३ च्या काळात अशा जोडीवर इव्हेंट लॉगमध्ये मेसेज यायचा की सगळे सीपीयू एकाच रिव्हिजनचे नाहीत म्हणून सगळ्यात कमी फीचरवाल्याच्या हिशोबाने चालतोय. बघून घाम फुटायचा, पण मशीन चालायचं.
एक विचारतो, पीपीएम घेतलास का? जी५ ला दुसऱ्या सीपीयूसाठी वेगळं पॉवर मॉड्यूल लागतं, बोर्डावर सॉकेटशेजारी बसतं. त्याच्याशिवाय सीपीयू म्हणजे शोभेची वस्तू. हीटसिंक पण वेगळा लागेल.

लाईटबिल_वाढलं:
मला विचाराल तर कशाला हा खटाटोप. या सर्व्हरची एफबी-डिम प्रकारची रॅम आधीच शेगडीसारखी तापते, त्यात अजून ८० वॅट. आणि दुसरा सीपीयू टाकला म्हणून रॅम वाढवायला जागा मिळेल असं वाटत असेल तर ते पण नाही, या पिढीत मेमरी कंट्रोलर चिपसेटमध्ये आहे, सीपीयूत नाही. रिपोर्ट डिस्कमुळे रखडत नाहीयेत ना ते आधी बघ.

मिरजेचा_तंबोरा:
@लाईटबिल_वाढलं बघितलं, डिस्क निवांत असते, सीपीयूच कमी पडतोय. नवीन सर्व्हरचं बजेट मागितलं तर "पुढच्या वर्षी" हे उत्तर गेली तीन वर्षं ऐकतोय.
पीपीएमचं विचारलंत ते बरं झालं, दुकानदार त्यावर एक शब्द बोलला नव्हता. आता सीपीयू, पीपीएम, हीटसिंक तिन्ही मागवलं.

मिरजेचा_तंबोरा:
(नऊ दिवसांनी) शनिवारी ऑफिस सुटल्यावर बसवलं. आधी बायोस, मग पीपीएम, मग सीपीयू, पेस्ट लावताना हात थरथरत होते ते सोडा. पहिल्यांदा पोस्टला दुसरा सीपीयू दिसलाच नाही, पीपीएम नीट दाबून बसलं नव्हतं, काढून परत लावलं. आता सीपीयूइन्फोमध्ये (लिनक्समधली सीपीयूच्या माहितीची फाइल) पहिल्या चार कोअरना स्टेपिंग ६ आणि दुसऱ्या चारांना १० दाखवतंय, फ्लॅग्जमध्ये (फीचर्सच्या यादीत) एक्ससेव्ह कुठेच नाही. पंखे जरा जास्त ओरडतायत. सोमवारी साहेब म्हणाले आवाज कसला येतोय.