सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा निधी) फंडर पगाराला पैसे देत नाही, काय करावं?

प्रश्न: आमची छोटी संस्था आहे, जव्हारला कुपोषित मुलांचं काम. १२ए, ८०जी (आयकराच्या नोंदण्या), सीएसआर-१ (सीएसआर निधी घेण्यासाठीची नोंदणी) सगळं आहे पण कंपनीवाले म्हणतात कायद्यात ॲडमिनला, म्हणजे कारभाराच्या खर्चाला, ५ टक्केच. आमच्या ताया वजनकाटा खांद्याला लावून पाडे फिरतात, त्यांचा पगार ॲडमिन कसा हो?

उत्तर: नाहीच आहे. २०२१ च्या नियमातली ५ टक्के मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर ॲडमिन खर्चाला आहे, संस्थेच्या प्रोजेक्टवरच्या पगाराला नाही. बजेटमध्ये 'मानधन' अशी मोघम ओळ टाकू नका, 'फील्ड कार्यकर्ती, २ जणी, १२ महिने, इतके पाडे' असं प्रोजेक्ट खर्चात लिहा आणि त्यांच्या सीएसआर मॅनेजरला फोन करून नीट समजावा, मेलवर हे कधीच सुटत नाही.

उत्तर: मी एक सांगते, फक्त रिपोर्टच्या वेळी फोन करू नका. आमचं काम पावसात दीड महिना अडकलं होतं, मी कंपनीला लगेच कळवलं, त्यांनी मुदत वाढवून दिली. लपवलं असतं तर पुढचा हप्ता गेलाच असता. आणि एकदा त्यांना पाड्यावर न्याच, वजनाचं रजिस्टर हातात द्या.

प्रश्नकर्ता: खूप आभार, उद्याच बजेट बदलतो.