पुझँ यांचं नाव यायलाच हवं

अर्पानेट या अमेरिकी संरक्षण खात्याच्या सुरुवातीच्या संगणक-नेटवर्कवरचा लेख छान आहे, पण इंटरनेट ही निव्वळ अमेरिकेची देणगी, हा त्यातला सूर पटत नाही. फ्रान्समध्ये लुई पुझँ यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘सिक्लाद’ नेटवर्क उभारलं. अर्पानेटमध्ये पॅकेट (म्हणजे पाठवायच्या माहितीचा छोटा तुकडा) नीट पोचवायची जबाबदारी नेटवर्कची होती. पुझँनी ती दोन्ही टोकांच्या संगणकांवर टाकली. पॅकेट वाटेत हरवलं, मागेपुढे आलं, तरी नेटवर्कने बघायचं नाही. क्रम लावणं, हरवलेलं पुन्हा पाठवणं हे टोकांचं काम. इंटरनेट ज्या नियमांवर चालतं, त्या टीसीपी-आयपीच्या मुळाशी हाच विचार आहे! सिक्लादवर काम केलेले जेरार ल लान १९७३मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात, टीसीपी-आयपी घडवणाऱ्यांपैकी एक असलेल्या व्हिंट सर्फ यांच्यासोबत होतेच. आणि फ्रेंच सरकारने मात्र सिक्लादचा निधी आटवून टपाल-दूरसंचार खात्याच्या ‘ट्रान्सपॅक’ या वेगळ्या नेटवर्कला पाठबळ दिलं, याची फार हळहळ वाटते.