स्विमिंग पूलचा पंप, हीटर आपोआप चालवणारी ऑटोमेशन सिस्टिम कोणती घ्यावी? सल्ला हवा आहे

सातारकर_प्लेनो
नमस्कार मंडळी. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही प्लेनोत, म्हणजे टेक्सासात, जुनं घर घेतलं. मागे पूल आहे आणि त्याला चिकटून स्पा, म्हणजे गरम पाण्याचं छोटं कुंड. पाणी १५,००० गॅलन, म्हणजे साधारण ५७,००० लिटर. सगळा कारभार भिंतीवरच्या जुन्या टायमरवर चालतो. पिवळी तबकडी आणि तिच्यावर स्क्रूने आवळलेल्या दोन खुंट्या, एक पंप चालू करते, दुसरी बंद. वीज जाऊन आली की घड्याळ मागे पडतं.

स्पा तापवायचा तर अंधारात टॉर्च घेऊन जायचं आणि व्हॉल्व्ह हाताने फिरवायचे. नवरा महिन्यातले दहा दिवस फिरतीवर. जानेवारीत थंडीची लाट आली तेव्हा, पंप थांबला तर पाइपातलं पाणी गोठेल म्हणून, रात्रभर दर दोन तासांनी उठून, मागचं दार उघडून, पंपाचा आवाज येतोय ना ते ऐकत होते. जिवाला घोर नुसता.

पेंटेअर इंटेलिसेंटर, हेवर्ड ऑम्नीलॉजिक आणि जँडी अ‍ॅक्वालिंक अशा तीन कंपन्यांच्या सिस्टिमची कोटेशनं आली आहेत. पंप पेंटेअरचा व्हेरिएबल स्पीड, म्हणजे वेग कमीजास्त करता येणारा आहे, हीटर गॅसवरचा. क्लोरीनच्या गोळ्या सोडून मिठावर, म्हणजे पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या यंत्रावर जायचा विचार आहे. सासूबाई वर्षातले सहा महिने आमच्याकडे असतात, त्यांना स्पात पाय सोडून बसायला आवडतं, पण फोनवरचं अ‍ॅप त्यांना जमणार नाही. काय घ्यावं?

राउंडरॉककर
ताई, आधी अ‍ॅप बाजूला ठेवा. मागे जाऊन पंप, हीटर, व्हॉल्व्ह आपोआप फिरवणाऱ्या मोटारी, सगळ्यांच्या पाट्यांचे फोटो काढा. तिन्ही सिस्टिम चांगल्या आहेत. फरक पडतो तो तुमच्याकडे आधीच काय बसलंय त्याने. पॅनेल, म्हणजे सिस्टिमची मुख्य पेटी, आणि पंप एकाच कंपनीचे असले की पॅनेल पंपाचा वेग हवा तसा कमीजास्त करतं. वेगळे असले तर बऱ्याचदा ठरावीक दोनचार वेगांवर भागवावं लागतं, कधी नुसतं चालू-बंद. आणि वेगातच खरी बचत आहे. वेग निम्मा केला की विजेची ओढ जवळजवळ एक अष्टमांशावर येते. दिवसभर हळू फिरवा, स्पाच्या वेळी वाढवा. म्हणून तुमच्या पंपाला इंटेलिसेंटर, असं माझं मत.

आता थंडीचं, कारण तुमची ती रात्र मी ओळखतो. फ्रीज प्रोटेक्शन, म्हणजे पाणी गोठू न देण्याची सोय, तिन्हींत आहे. हवेचं तापमान ३ अंशांच्या आसपास उतरलं की पंप आपोआप सुरू होतो. आमच्याकडेही होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये वीजच गेली आणि ते पॅनेल आंधळं होऊन बसलं. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर फिल्टरच्या टाकीला उभी चीर, नख आत जाईल एवढी, आणि तिच्यातून बर्फाची पातळ पात बाहेर आलेली. पंपाच्या पोटाखालचे दोन प्लग, म्हणजे बुचं, काढून पाणी सोडायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही आजच शिकून घ्या. पंपाचे प्लग, फिल्टरच्या तळाचा, हीटरचे. वीज गेली आणि थंडी वाढत असली की आधी ब्रेकर पाडायचा, मग प्लग काढायचे. मी ते सगळे एका डब्यात ठेवतो आणि पाना तिथेच खिळ्याला टांगलेला असतो.

मिठाचं म्हणाल तर काठाचा दगड बघा. आपल्याकडचा मऊ चुनखडी दगड असेल तर मिठाच्या पाण्याने त्याचे पापुद्रे सुटतात, सील करत राहावा लागतो. शिवाय मिठाच्या पूलमध्ये पीएच सारखा वर सरकतो. ७.८ च्या वर जाऊ देऊ नका. अ‍ॅसिड घालणं काही सुटत नाही.

सासूबाईंसाठी स्पाच्या काठावर बसवायचं बटण मागा. चार बटणांचा छोटा रिमोट मिळतो. अ‍ॅप नको, काही नको.

एडिसनची_मावशी
आम्ही न्यू जर्सीत पूल सप्टेंबरअखेरच बंद करतो, पाइप फुंकून रिकामे, वर कव्हर. त्यामुळे थंडीचं राउंडरॉककरांचंच ऐका. माझं एकच सांगणं: अ‍ॅपचं खातं तुमच्याच ईमेलवर उघडून घ्या. आमच्या बसवणाऱ्याने ते स्वतःच्या नावावर उघडलं, मग तो फोन उचलेना. आमचाच पूल आम्हाला दिसेना, दीड महिना. आणि पॅनेलपाशी उभं राहून फोनवर वायफाय येतंय का ते बघा. विटांच्या भिंतीपलीकडे आमचं पोहोचत नव्हतं, केबल ओढावी लागली. घरात लहान मूल असेल तर कुंपण आणि फाटकाचा अलार्म आधी, पॅनेल नंतर.

सातारकर_प्लेनो
मनापासून आभार. आत्ताच फोटो काढून आले. व्हॉल्व्हवर मोटारी नाहीतच, नुसत्या मुठी आहेत, आणि तिघांपैकी दोघांनी कोटेशनमध्ये त्या धरलेल्या नाहीत! काठाचा दगडही चुनखडीच निघाला, म्हणजे मीठ सध्या नको. पंपाखालचा एक प्लग हाताने फिरला, दुसरा घट्ट बसलाय.

राउंडरॉककर
त्याला पकड लावून जोर करू नका, प्लास्टिक चिरतं. आधी पंप बंद करून पाणी उतरू द्या, मग तो प्लग कोमट पाण्याने भिजवून हळू फिरवा. बसवताना ओ-रिंगला, म्हणजे प्लगवरच्या रबरी कडीला, सिलिकॉनचं वंगण लावा. आणि मोटारींसकट नवं कोटेशन मागवलंत की इथे टाका, आकडे बघून सांगतो.