मदत हवी आहे: सबनॉटिकामध्ये लॉस्ट रिव्हरजवळ दुसरा तळ बांधावा का?

नमस्कार. मी सबनॉटिका हा समुद्राखालचा व्हिडिओ गेम सर्व्हायव्हल मोडमध्ये (तहान-भूक सांभाळत) खेळत असून आता लॉस्ट रिव्हर या त्यातल्या खोल भागात उतरण्याची तयारी करत आहे. प्रॉन सूट (खोल पाण्यात वापरायचा यांत्रिक पोशाख) मूळ स्थितीतच ९०० मीटरपर्यंत जातो आणि सायक्लोप्स या मोठ्या पाणबुडीची ५०० मीटरची मर्यादा पहिल्या डेप्थ मॉड्यूलने (खोलीची क्षमता वाढवणाऱ्या सुट्या भागाने) ९०० मीटर होते, त्यामुळे खोलीची चिंता नाही. खरा प्रश्न मुक्कामाचा आहे.

सायक्लोप्समध्येच कपाटे आणि वाफे बसवून त्यालाच फिरता तळ करावा, की खाली कायमचा तळ उभारावा, याचा निर्णय होत नाही. इतक्या खोलीवर सौर पॅनेल निरुपयोगी ठरतात, आणि बायोरिअॅक्टरला सतत जैविक पदार्थ पुरवावे लागत असल्याने माझा कल उष्णतेवर वीज बनवणाऱ्या थर्मल प्लांटकडे आहे. शिवाय खोलीबरोबर तळाची मजबुती घटत असल्यामुळे काचेचे भाग टाळून रीइन्फोर्समेंट (मजबुती वाढवणारे भाग) लावावेच लागेल, म्हणजे टायटॅनियम आणि लिथियम आले.

थर्मल प्लांटसाठी योग्य उष्ण जागा तिथे नेमकी कुठे मिळेल? आणि सायलेंट रनिंग (आवाज कमी ठेवून जाण्याची सोय) वापरून एवढी मोठी पाणबुडी घोस्ट लेव्हायथन या महाकाय हिंस्र प्राण्याच्या जवळून सुरक्षित नेता येते का, की प्रॉन सूटनेच पुढे जाणे शहाणपणाचे? कृपया कथानक उघड न करता सांगावे, कारण या खेळातील शोधाचा आनंद मला फार मोलाचा वाटतो.